चौथीच्या वर्गाचं शून्य

२० जानेवारी, मंगळवार

चि. चिनात्सु हिला आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, सुझुला गोड पापा.

तुझं नवीन वर्षाचं कार्ड सात तारखेलाच मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याचं खापर बर्फावर फोड. यंदा असा काही पडतोय की सकाळी उठून आधी घराचं दार मोकळं करायचं, मग गाडी, मग शाळेच्या स्वयंपाकघराची मागची पायरी. एवढं झालं की फावडं ठेवायचं आणि डाव हातात घ्यायचा. साठी आली तरी कंबर अजून शाबूत आहे. सुझुने काढलेला घोडा फ्रीजवर लावलाय. त्याला पाच पाय आहेत, मी दोनदा मोजून खात्री केली. जोरात पळेल.

जावईबापूंची बदली इकडे होतेय हे वाचून मी कार्ड हातात धरून उभीच राहिले. बारा वर्षांनी तू पुन्हा या बाजूला! घर हिरोसाकी शहरात घ्यायचं की आपल्या गावात, हे तुमचं तुम्ही ठरवा, मी मध्ये तोंड घालणार नाही. (घालणार नाही म्हणतेय, यावरून काय ते ओळख.) आपल्या शाळेत पहिलीला यंदा फक्त अकरा मुलं येणार आहेत. सुझु आली तर बारा होतील. मी मार्चअखेर निवृत्त होतेय, तेव्हा माझ्या हातचं तिला मिळणार नाही, पण पातेली तीच आणि बायकाही त्याच.

कार्डाच्या तळाशी तू बारीक अक्षरात विचारलंयस, "तिथे अजून सगळं संपवावं लागतं का?"

अगं, आमच्याकडे मुलं आनंदाने संपवतात! तुला सांगायचंच राहिलं. ऑगस्टअखेर दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा मी एक टूम काढली. वर्गात वाढायला पाठवलेले मोठे डबे परत आले की मी रोज काट्यावर ठेवतेच. ज्या वर्गाचं काहीच उरलं नाही, त्याच्या दारावर पिवळा झेंडा. बाकीच्या वर्गांचा झेंडा आज लागतो, उद्या उतरतो. पण चौथीचा वर्ग! चौथीचा झेंडा लागला तो आजतागायत उतरलेला नाही. आज त्र्याऐंशी दिवस झाले. वाढपी मुलं पांढऱ्या टोप्या घालून रिकामे डबे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि ओरडतात, "चौथीचा वर्ग, शून्य!" आमच्या चौघी बायका आतून टाळ्या वाजवतात. रोज ऐकते, तरी रोज अंगावर मूठभर मांस चढतं.

शंभर झाले की नगर कार्यालयाकडून प्रशस्तिपत्र आहे. गावच्या पत्रकात फोटो येणार. निवृत्तीच्या वर्षी एवढं झालं म्हणजे मिळवली.

या वर्गात वाकाना नावाची एक मुलगी आहे, आमची पैलवान. तुकतुकीत गालांची, कधी कशाला नाही म्हणायची नाही. शेवटी डब्यात काही राहिलं की वर्गशिक्षक सोमासर डबा उचलून विचारतात, "कोण?" की हिचा हात वर. पोरं बाकं बडवतात, "वा-का-ना! वा-का-ना!" समुद्रशेवाळाची भाजी असो, बांगडा असो, सगळं साफ. अशी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असती तर माझं काम किती हलकं झालं असतं.

बाकी विशेष काही नाही. परवा आरोग्यखोलीच्या नारुमिबाईंनी बोलावलंय, सत्राच्या सुरुवातीची उंची-वजनं झालीत म्हणे. पोरं वाढणारच, त्यात मला काय दाखवायचंय कोण जाणे.

घर बघायला याल तेव्हा कळव. जेवायला काय करू, असं विचारत नाही. तू गाडीतच खाऊन येतेस, मला माहीत आहे.

तुझी आई


८ फेब्रुवारी, रविवार

चि. चिनात्सु,

तुझं उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? तू एक विचारलंस आणि मी भलतंच लिहून पाठवलं.

आज सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा. हा फाडणार नाही, असं आधीच लिहून ठेवते.

नारुमिबाई तुला माहीत नाहीत, तुझ्या नंतर आल्या. हळू बोलतात, पण सोडत नाहीत. मला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि टेबलावर वाढीचे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले. मुलांचं वय वाढतं तशी वजनाची रेघ वर जाते, तो तक्ता. एक वाकानाचा. पहिलीपासून रेघ अंमळ वरच्या अंगाने, पण शिस्तीत चाललेली. सप्टेंबरपासून मात्र एकदम उभी चढलेली. साडेचार महिन्यांत सहा किलो. दुसरा तक्ता शिओनचा. ही त्याच वर्गातली, खिडकीजवळ बसणारी बारीकशी मुलगी. तिची रेघ सप्टेंबरात आडवी झाली आणि जानेवारीत खाली वळली.

मी म्हटलं, "एक जास्त खाते, एक कमी खाते. दोघींच्या आयांना बोलवा."

नारुमिबाई म्हणाल्या, "बोलावलं होतं. दोघींच्या घरी काहीच बदललेलं नाही. ओसानाईबाई, दोन्ही रेघा एकाच महिन्यात वळल्यात. त्या महिन्यात शाळेत नवीन काय झालं, ते तुम्हीच सांगा."

मला राग आला. खरं सांगते, झणझणीत राग आला. म्हटलं, आता पोरं पायी येत नाहीत, शाळा एकत्र केल्यापासून दारातून बसमध्ये आणि बसमधून दारात, त्याचं काय? त्या म्हणाल्या, "तेही आहेच. पण शिओनही त्याच बसने येते."

दुसऱ्या दिवशी मी माझं ताट घेऊन चौथीच्या वर्गात जेवायला गेले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी काट्याशी उभी राहणारी बाई. डबे रिकामे आले की माझं समाधान. ते कुणाच्या पोटात रिकामे झाले, हे काटा सांगत नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

शिओनने दोन घास भात खाल्ला. मग उठली आणि भात, मासा, भाजी सगळं गुपचूप डब्यात परत टाकून आली. तिच्यामागून आणखी तिघं-चौघं. कुणी ओरडलं नाही. कशाला ओरडतील? झेंड्याला डब्याशी मतलब, ताटाशी नाही. मग सोमासरांनी डबा उचलला. "कोण?" हात वर. बाकं बडवणं सुरू. मी वाकानाच्या शेजारीच बसले होते. ती चावत नव्हती गं. गिळत होती.

मी हळूच विचारलं, "वाकाना, बांगडा आवडतो का गं तुला?"

"बांगडा होता?" ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

"आणि पोट भरल्यावर काय करतेस?"

"दूध पिते. म्हणजे खाली जातं." मग माझ्याकडे बघून हसली. "नाही खाल्लं तर तुमचं शून्य जाईल ना, बाई."

तुमचं शून्य, म्हणाली. वर्गाचं नाही.

दोन आठवडे मला धड झोप नाही. परवा शुक्रवारी शिक्षकांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, झेंडा उतरवा. प्रत्येकाने आपल्याला किती हवं ते वाढतानाच सांगायचं, पहिला घास घ्यायच्या आधी कमी करून घ्यायचं, नंतर कुणी कुणाचं संपवायचं नाही. उरलं तर उरलं. सोमासरांचा चेहरा पडला. "बाई, आज शहाण्णव झाले! पोरांना काय सांगू?" अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, जीव लावून शिकवतो, पण त्यालाही मीच नादी लावलेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर हे काय काढलंत? चार दिवस कळ काढा. बुधवारची सुट्टी धरून येत्या शुक्रवारी शंभर होतील, नगर कार्यालयाची माणसं येतील, फोटो होईल. मग झेंडा काढा, नाहीतर खांब काढा, मी काही म्हणणार नाही."

आणि मी "बरं" म्हणून घरी आले.

आता मुख्य ते.

तू तिसरीत होतीस. ऑक्टोबर होता, भोपळ्याची भाजी होती. तू आधीच चिमणीएवढं खायचीस, त्या दिवशी ताट तसंच राहिलं. जेवणाची सुट्टी संपली, मधली सुट्टी संपली. वर्ग झाडायला पोरांनी बाकं मागे ढकलली आणि तुला ताटासकट मागे ढकललं. केराच्या धुरळ्यात तू बसून. मला हे सगळं ठाऊक होतं. रोज व्हायचं आणि रोज ठाऊक असायचं. शेवटी तुझ्या वर्गबाईंनी तुला ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आणलं. तू म्हणालीस, "आई, माझं पोट भरलंय."

मी काय म्हटलं ते तुला आठवतं का, हे विचारायची माझी छाती नाही. मला आठवतं. मी म्हटलं, "शाळेत आई नाही म्हणायचं, बाई म्हणायचं. आणि दोनच घास राहिलेत, संपव."

तू संपवलंस. आणि मोरीपाशी जाऊन सगळं उलटून टाकलंस. मी तुझी पाठ चोळली आणि मनात काय आलं माहीत आहे? बरं झालं, डब्यात तर काही उरलं नाही. तेहतीस वर्षांची होते, नोकरी नवी होती, जेवण करणाऱ्या बाईचीच मुलगी जेवण टाकते असं लोक म्हणतील याची मला धास्ती होती. ही सबब नाही. होतं ते सांगतेय.

त्यानंतर तू माझ्यासमोर कधी पोटभर जेवली नाहीस. लग्नानंतर तर गाडीत खाऊन यायला लागलीस. मी शेजारपाजारी सांगायची, माझी लेक फार विचारी आहे, आईला त्रास देत नाही.

सत्तावीस वर्षांनी दुसरी एक मुलगी मला म्हणते, दूध पिते म्हणजे खाली जातं. तुझ्यावरून मी काडीचं शिकले नाही बघ. तेव्हा जबरदस्ती होती, आता टाळ्या वाजवते, एवढाच काय तो फरक.

तेव्हा तू विचारलंस त्याचं उत्तर असं: हो, चिनात्सु. इथे अजून सगळं संपवावं लागतं. आणि ते मीच करवते. असं असताना सुझुला इथे घाल, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? हिरोसाकीतच घर बघा.

चार दिवस कळ काढा म्हणे. माझ्यासाठी ते चार दिवस आहेत, वाकानाला चार जेवणं आहेत. शिओनलाही. हे लिहिताना बघ माझं मलाच कळतंय, मी "बरं" म्हणायला नको होतं. उद्या बांगडाच आहे, मिसोच्या रश्शात शिजवलेला. उद्या मी वर्गात जाणार. काय व्हायचं ते होऊ दे, फार तर फोटो येणार नाही.

तुझी आई


१५ मार्च, रविवार

चि. चिनात्सु हिला पोटभर आशीर्वाद,

जिंकलो गं! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

त्या सोमवारी मी पांढरा झगा-टोपी चढवून, डाव हातात घेऊन चौथीत गेले. सोमासरांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मुख्याध्यापक?" मी म्हटलं, "ते मला काढून टाकतील. तसंही पन्नास दिवसांनी काढणारच आहेत." बिचारे हसले आणि बाजूला झाले.

मुलांना सांगितलं, झेंडा ही माझी चूक होती. मी डबे बघितले, तुम्हाला बघितलं नाही. आजपासून मी विचारीन, "मोठा डाव, मधला की छोटा?" आणि तुम्ही खरं सांगायचं. एकजण म्हणाला, "पण बाई, आज सत्त्याण्णव!" दुसरा म्हणाला, "तीनच राहिले होते!" एक मुलगी तर रडायलाच लागली. मला वाटलं, झालं, आता ही पोरं मला जन्मभर माफ करणार नाहीत.

वाढायला घेतलं. शिओन पुढे आली, मान खाली. "छोटा," म्हणाली, मला ऐकूही आलं नाही. "किती छोटा?" तिने बोटाने दाखवलं, एवढासा. मी एवढासाच वाढला. ती बघतच राहिली माझ्याकडे. वाकाना आली. सवयीने म्हणाली, "मोठा." मी वाढला. मोठा तर मोठा, भूक तिची आहे.

जेवणं होत आली. डब्यात बांगड्याचे तीन तुकडे आणि थोडा भात. सोमासरांनी सवयीने डबा उचलला आणि उचलून मग चपापले. ठेवावा की धरावा, त्यांना कळेना. सगळा वर्ग वाकानाकडे बघायला लागला. कुणी बाकं बडवली नाहीत, पण बघत होते सगळे. ती उभी राहिली. तिचा हात अर्धा वर गेलेला मी पाहिला.

हात खाली आला. ती म्हणाली, "माझं पोट भरलंय."

मग खिडकीजवळून आवाज आला, "मी माझं सगळं खाल्लं." शिओन! ताट सरळ धरून दाखवत होती. एवढंसं घेतलं होतं, पण एक शीत नव्हतं त्यात. आणि मग काय विचारतेस, सगळे एकदम सुरू झाले. मला पालक कधीच आवडला नाही बाई, मला खरं तर अजून भात हवा होता बाई, हा माझं दूध पितो बाई. पाच महिने ही पोरं गप्प होती आणि मला वाटत होतं ती आनंदात आहेत.

मी स्वयंपाकघरात परतले. थोड्या वेळाने वाढपी डबे घेऊन आले. त्या आठवड्यात वाकानाची पाळी होती, टोपी कपाळावर घसरलेली. दाराशी थांबली. रोज जे ओरडायचं ते आज ओरडता येईना. जोडीदाराकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि अशी काही आरोळी ठोकली की मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेली असेल:

"चौथीचा वर्ग, उरलं!"

आमच्या चौघींनी टाळ्या वाजवल्या. शून्याला कधी वाजवल्या नसतील एवढ्या. एकीने तर झाकणावर झाकण आपटलं. मी डबा काट्यावर ठेवला आणि आकडा फळ्यावर हातभर मोठा लिहिला. चिनात्सु, त्याच दारात तू उभी होतीस. मी टाळ्या वाजवत होते आणि रडत होते. बायकांना वाटलं, प्रशस्तिपत्र गेलं म्हणून रडतेय.

मुख्याध्यापक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी नगर कार्यालयाचे साहेब आले, कारण त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आले तसे चौथीत जेवायला बसवले. त्यांनी गाजरं वेगळी काढून ताटाच्या कडेला लपवली. शेजारच्या पोराने ते बघितलं आणि म्हणाला, "काका, आधीच 'छोटा' म्हणायचं असतं. नवीन आहात, चालेल." साहेब लाल झाले, मग एवढे हसले की मुख्याध्यापकांनाही हसावं लागलं. फोटो काढलाच शेवटी. पत्रकात आलाय, सोबत पाठवतेय. मी डोळे मिटलेली आहे.

पहिल्या आठवड्यात उरलेल्याचा ढीग लागला. मी तोच बघून मेनू बदलला, कारण उरलेलं म्हणजे माझं प्रगतिपुस्तक, पोरांचं नव्हे. इतकी वर्षं पालक नुसता उकडून वाढत होते, तिळाच्या कुटात कालवला तर दुसऱ्यांदा मागायला लागली. बस आता देवळापाशी थांबते, तिथून सगळे दहा मिनिटं चालत येतात. ही नारुमिबाईंची कल्पना. सोमासर पुढे चालतात आणि पोरं त्यांच्या पाठीत बर्फाचे गोळे मारतात.

परवा नारुमिबाईंनी पुन्हा वजनं घेतली. शिओनचं सातशे ग्रॅम वाढलं. वाकानाचं होतं तेवढंच आहे, आणि उंची जवळजवळ सेंटीमीटरभर वाढलीय. नारुमिबाई म्हणाल्या, तिचं वजन उतरवायचं नाही, तिला फक्त उंच व्हायला वेळ द्यायचा. रेघ पुन्हा माणसात आली बघ. त्या मला रेघ दाखवत होत्या आणि वाकाना मागे उभी राहून विचारत होती, "बाई, आज गोड पाव आहे ना? मी एकच खाणार, पण सावकाश." तिला आता खाण्याची चव कळायला लागलीय. परवा येऊन सांगून गेली, बांगडा तिला मुळीच आवडत नाही!

आता तुझ्या पत्राचं. चार ओळींचं आहे, पण मी ते एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय, हळदीचा डाग पडलाय त्यावर, करीच्या दिवशीचा. तू माझ्या फेब्रुवारीतल्या पत्राबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहिलंयस, २८ तारखेला शनिवारी दुपारी पोहोचतो, घर आपल्याच गावात बघतोय, सुझुचं नाव शाळेत सांगून ठेव. आणि शेवटी, "गाडीत काही खाणार नाही. भूक घेऊन येतो."

मी ते वाचून खाली बसले. स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर, झगा-टोपीसकट.

सुझुचं नाव सांगितलंय. पहिलीतली बारावी मुलगी आहे ती.

शनिवारी काय करू, ते मी ठरवीन. किती वाढू, ते तू सांग. मोठा डाव म्हण, छोटा म्हण, नुसता भाताचा वास घे आणि ताट बाजूला सार. मी तुझ्या ताटाकडे बघणार नाही. तुझ्याकडे बघत बसेन. पोट भरलं की म्हण, मी या वेळी पहिल्याच खेपेला ऐकीन.

घरातसुद्धा आणि शाळेतसुद्धा तुझी,
आई